‘लेथ’ पुन्हा ऐकताना

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी दहा महिने ड्रॉवरमध्ये कोरी पडली होती. आज उघडली, कारण रणजीतचा फोन आला.

मी गेज रूममध्ये, मापं तपासायच्या खोलीत होतो. तिथे फोन लागत नाही, बाहेर आल्यावर तीन मिस्ड कॉल दिसले. परत लावला तर पलीकडून तोच खर्जातला आवाज. “अवधूतराव, वळखलं का?”

ओळखणार नाही कसा! तो आवाज ऐकायला मी कराडपर्यंत लाल डब्यातून उभा राहून गेलोय.

तो म्हणाला, “लेथला तीस वर्षं झाली राव. अकरा डिसेंबरला चिंचवडात कार्यक्रम ठिवलाय. एकदाच, शेवटचा. पुस्तक बी काढतोय. त्यातला मोठा लेख तुझा. आमचा इतिहास तुझ्याबिगर कोण लिवणार?”

तेव्हा मी एका साप्ताहिकात त्यांच्या बँडवर, लेथवर, लिहायचो. मी लगेच हो म्हटलं. एक डिसेंबरपर्यंत लेख द्यायचा आहे. त्यानंतर दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एक रिपोर्ट दोनदा चुकवला.

ठरवलंय की पाचही अल्बम पुन्हा, क्रमाने ऐकायचे. गाडीत. रावेतहून चाकणला जायला मला सव्वा तास लागतो, मोशीच्या पुढे गाडी हलली नाही तर दोन. एवढा निवांत वेळ मला दुसरीकडे कुठे मिळणार?

५ नोव्हेंबर, बुधवार

‘पहिला कट’, १९९६. चिखलीच्या एका गोडाऊनमध्ये रेकॉर्ड केलेला. रणजीत गायला आणि गिटारला, बाकी तिघं आकुर्डी-निगडीची. मराठीत कारखान्यावर रॉक करणारं तोवर कोणी नव्हतं. माझी ती कॅसेट घासून घासून गेली होती.

आणि आज? खरं लिहायचं तर मोशी येईपर्यंत मी दोनदा आवाज कमी केला. तेव्हा जो राग वाटायचा तो आता ओरडणं वाटतो. ‘बॅज नंबर’ या गाण्यात ‘यंत्र’ हा शब्द अकरा वेळा येतो, मी मोजला. यंत्रावर काम केलेला माणूस यंत्राला यंत्र म्हणत नाही. त्याला मशीन म्हणतो, किंवा शिवी देतो.

बावन्न वर्षांच्या कानाने तेविसाव्या वर्षीचं ऐकू नये की काय? अस्वस्थ झालो. घरी आल्यावर बायको, चारू, ती शिकवते त्या शाळेतलं काहीतरी सांगत होती, मुलाखतीबद्दल. म्हटलं, जेवताना सांग. जेवताना मी पुन्हा ‘बॅज नंबर’ लावला होता, खात्री करायला. वाईटच आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

‘कूलंट’, १९९७. मशीनवर सोडतात ते दुधी पाणी, त्यावरून नाव. इथे पहिल्यांदा कीबोर्ड ऐकू येतो. स्नेहल याच अल्बमला आली. निगडीच्या यमुनानगरची, वडील कंपनीत टर्नर, लेथ मशीन चालवणारे. गाण्यांच्या मध्ये जागा पडायला लागली आहे, कोणीतरी आतून खिडकी उघडल्यासारखी. शब्दही एकदम घरातले झालेत. डबा, चप्पल, कंपनीची बस थांबायची तो कोपरा.

तेव्हाच्या माझ्या लेखात मी याला ‘रणजीतची परिपक्वता’ म्हटलं होतं. एका वर्षात? कसं काय सुचलं होतं मला?

११ नोव्हेंबर, मंगळवार

‘गुरुवार’, १९९९. ज्यामुळे लेथ लेथ झाली तो अल्बम. कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत एकही कॉलेज नसेल जिथे त्यातलं ‘गुरुवार’ हे गाणं वाजलं नाही.

सहा दिवस खुंटीवर सदरा,
गुरुवारी त्यात माणूस.

भक्ती-शक्ती चौकात सिग्नलला हे ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं की हिरवा लागलाय. सव्वीस वर्षांनी एखादी गोष्ट जशीच्या तशी लागते, तर ती चांगलीच असणार. गेज रूममध्ये आमचं हेच काम. वर्षानुवर्षं वापरून जे माप हलत नाही, ते खरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झोप नीट लागली नाही. सकाळी दाढी करताना लक्षात आलं आणि ब्रश तसाच हातात राहिला.

गुरुवार ही पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांची सुट्टी. विजेच्या पाळ्यांमुळे ठरलेली. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. बाप गुरुवारी घरी.

पण रणजीतचे वडील? आबाजी चिखलीचे शेतकरी. त्यांनी उभ्या आयुष्यात कंपनीचं गेट बघितलं नाही. गव्हाच्या आणि उसाच्या रानात असायचे, रोज घरी जेवायला यायचे, मी स्वतः त्यांच्या पंक्तीला बसलोय. त्यांना गुरुवार कसला आणि खुंटीवरचा सदरा कसला? ते तर कायम बंडीत.

आणि मी छापलंय. साप्ताहिकात, दोन पानी मुलाखत. “वडील आठवड्यातून एकदाच भेटायचे. त्या पोरकेपणातून ‘गुरुवार’ जन्मलं.” तो लेख पुढे तीन ठिकाणी पुन्हा छापून आला. इंटरनेटवर लेथबद्दल जे जे आहे, ते सगळं त्याच वाक्यावरून आलेलं आहे.

हे वाक्य मला कोणी सांगितलं होतं? आठवत नाही. आबाजींना ओळखत असून मी हे कसं लिहिलं?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आमची सुट्टी आता रविवारी. पण चारूच्या शाळेला आज काही कारणाने सुट्टी होती आणि मी अर्ध्या दिवसाने आलो. तिला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“स्नेहलचे वडील कंपनीत होते ना?” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

“मग काय?”

“तुला मापं कळतात, अवधूत. एवढंसं कळत नाही?”

मी म्हटलं, बँडमध्ये सगळे एकमेकांचं काहीबाही घेत असतात, ओळ कोणाची हे ठरवणं अवघड असतं. ती म्हणाली, “तू तिच्याबद्दल आपल्या लग्नाच्या आधी खूप बोलायचास. मग एकदम थांबलास.”

त्यात काही नाही. मी स्नेहलला एकदा सिनेमाला येतेस का विचारलं होतं, ती नाही म्हणाली, विषय संपला. त्या मुलाखतीच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. तिचा या सगळ्याशी काही संबंध नाही. उगाच इथे लिहिलं.

चारूला पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण मी हेडफोन घातला होता. चौथा अल्बम राहिला होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

‘रिजेक्शन’, २००२. स्नेहल सोडून गेल्यानंतरचा. तेव्हा मी याला ‘धाडसी’ म्हटलं होतं. पोकळ आहे. घर तेच, पण सामान हलवलेलं, आवाज भिंतीवरून परत येतो. आणि ‘यंत्र’ हा शब्द परत आला आहे.

पाचवा, ‘नवा प्लांट’, अर्धा ऐकून बंद केला. तोंडपाठ असल्यासारखा गातोय रणजीत.

म्हणजे हिशेब असा, की तीस वर्षांची लेथ म्हणजे मधली दोन-तीन वर्षं. स्नेहल ज्या दोन अल्बममध्ये होती, तेवढीच.

१६ नोव्हेंबर, रविवार

माळ्यावरच्या खोक्यात मुलाखतीची कॅसेट सापडली. माझ्याच अक्षरात: ‘लेथ / निगडी / फेब्रु. ९९’. जुन्या टेपचा पट्टा सैल झाला होता, रबर बदलून चालू केला. चारू बहिणीकडे वाकडला गेली होती. बरं झालं.

मुलाखत स्नेहलच्या घरी झाली होती, हे मी पार विसरलो होतो. गुरुवारच असणार, कारण तिचे वडील घरात होते.

जे ऐकलं ते तसंच उतरवतो.

माझा आवाज, बारीक आणि फार खूश: “‘गुरुवार’ कसं सुचलं?”

रणजीत: “आता त्याचं कसं हाय...” पुढे खोकला.

स्नेहल: “ते सदऱ्याचं ना, ते माझ्या बाबांचं आहे. म्हणजे आई एकदा म्हणाली होती की...”

माझा आवाज: “स्नेहल, थांब गं. आधी रणजीतला बोलू दे.”

कुकरची शिट्टी. मग बशांचा आवाज आणि तिचे वडील: “पोहे घ्या रे, गार होतील. माझ्यावर गाणं केलंय म्हणे हिने. सदऱ्याचं. आणि सदऱ्याला बटण काही लावून दिलं नाही अजून.”

कोणीतरी हसतं. मी हसत नाही. मी म्हणतो, “काका, एक मिनिट हां, टेप चालू आहे.”

त्यानंतर पाऊण तास स्नेहलचा आवाज नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी टाकली. कारण ताप असं लिहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रणजीतकडे गेलो. चिखलीला त्याच्या शेतावर आता मंगल कार्यालय आहे, मागे त्याचं ऑफिस. लग्नाची तिथी नव्हती, मांडव उतरवण्याचं काम चाललं होतं. रणजीत जाड झालाय, गुडघे दुखतात. मला मिठी मारली. मी बसायच्या आधीच विचारलं.

“‘गुरुवार’ स्नेहलचं ना?”

तो जराही दचकला नाही. “व्हय. ‘कूलंट’मधली बी पाच. मी चाली लावल्या थोड्याफार. शब्द तिचं.”

“मग कॅसेटवर तुझं नाव का?”

“त्यावर ‘गीत-संगीत लेथ’ आसं हुतं, बघ काढून. माझं नाव दुसऱ्या आवृत्तीला आलं. तुझ्या लेखानंतर.” त्याने चहा पुढे सरकवला. “मी कधी म्हणालो का रं तुला, की मी लिवलं?”

“पण ‘मी नाही लिहिलं’ असंही म्हणाला नाहीस तू.”

“त्ये बी न्हाई म्हणालो. खोटं कशाला बोलू? तू छापलंस माझा बाप कंपनीत हुता. आबा वाचून मला म्हणाले, आरं मी कधी गेलो कंपनीत? आमी लई हसलो घरात. मग लोकं मलाच इचारायला लागली, कसं सुचलं, कसं सुचलं. पंचविशीतलं पोरगं मी. आयतं डोक्यावर घेतलं लोकांनी, उतरावंसं वाटंना.” त्याने गुडघा चोळला. “लिव तू आता खरं. मी आडवा येणार न्हाई. मला बी वझंच झालंय त्ये.”

मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो. भांडण झालंच नाही. येताना गाडी एक चौक पुढे नेली आणि मग आठवलं की वळायचं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्नेहलचा नंबर रणजीतने दिला होता. तीन दिवस लावला नाही. आज मेसेज केला की जुनी टेप सापडली आहे, त्यात तुझ्या घरचे आवाज आहेत. दहा मिनिटांत उत्तर आलं. “बाबांचा आवाज आहे?” मी हो म्हटलं. “मला हवाय. सोमवारी तळवड्याला ये.” पुढे पत्ता.

टेपवरचं कॉम्प्युटरवर घेऊन मोबाइलमध्ये घातलं. अख्खं द्यायचं, की काकांचा आवाज आहे तेवढंच? माझी ती दोन वाक्यं तिला ऐकवून काय साधणार? सव्वीस वर्षांनी उगाच जखमेवरची खपली काढायची. तिला वडील हवे आहेत, मी नकोय. म्हणून ती दोन वाक्यं काढली. काम सफाईने झालंय. मी चार वेळा ऐकलं, कुठेही सांधा कळत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सांधा कळतो.

स्नेहलचा स्प्रिंगा बनवण्याचा वर्कशॉप आहे. वडिलांनी निवृत्तीनंतर सुरू केलेला, आता ती चालवते. सहा-सात माणसं, तारेची वेटोळी, मशीनचा कटकट आवाज. केस पांढरे, रंगवलेले नाहीत, चष्मा कपाळावर. मला बघून म्हणाली, “चहा सांगते. आधी ऐकव.”

आतल्या काचेच्या केबिनमध्ये बसलो. तिने माझे हेडफोन कानात घातले, डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत बसलो. वडिलांचा आवाज आला तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. मग तिने फोन उचलला, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं.

डोळे उघडून म्हणाली, “इथे काहीतरी कापलंय.”

“नाही, टेप जुनी आहे ना...”

“कुकरची शिट्टी अर्धीच वाजते, अवधूत. शिट्टी अर्धी कशी वाजेल?”

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

“तू काय म्हणाला होतास ते मला आठवतं,” ती म्हणाली. “त्याला टेप लागत नाही. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला लोक मला विचारायचे, तुम्ही रणजीतच्या बहीण का? दोन वर्षं मी हसून नाही म्हटलं. मग एक दिवस बँडच्या बसमधून उतरले आणि परत चढले नाही.”

मी म्हटलं, “तू तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलत होते की. टेपवर आहे ना?”

बाहेर एक मशीन थांबलं, कोणीतरी तिला हाक मारली. ती काचेतून हातानेच ‘आले’ म्हणाली. मग मला म्हणाली, “तुझा लेख बाबांनी वाचला होता. कात्रण ठेवलं होतं कापून. रणजीतच्या वडलांना गुरुवारची सुट्टी, हे वाचून खूप हसले. मग म्हणाले, असू दे. ते ‘असू दे’ मला फार दिवस लागलं.”

मी लेखाचं सांगितलं. खरं लिहिणार आहे, तुझं नाव, सगळं, असं म्हटलं.

“लिही, नको लिहू. बाबा गेले त्याला चौदा वर्षं झाली. त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. मला मूळ कॅसेट दे. अख्खी. हे नको,” आणि तिने फोन माझ्याकडे सरकवला.

चहा आला. पिऊन आलो. काय बोललो त्यानंतर, आठवत नाही. बहुतेक स्टीलच्या दर्जाबद्दल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लेख पूर्ण केला. बत्तीसशे शब्द. लेथच्या पाच अल्बमचं नव्याने मूल्यमापन. पहिला कच्चा, चौथा-पाचवा पोकळ, मधले दोन मराठीतलं सोनं. आणि ते दोन कोणामुळे, हे स्पष्ट लिहिलंय. स्नेहलचं नाव चौदा वेळा. लिहिताना हात थांबत नव्हता. बऱ्याच वर्षांनी मोकळं वाटलं.

चारूला वाचायला दिला. तिने सगळा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘१९९९च्या मुलाखतीत स्नेहल यांच्या योगदानाचा उल्लेख राहून गेला.’

“राहून गेला?” ती म्हणाली. “कोणाकडून?”

“तशी लिहायची पद्धत असते.”

“हं.”

खूप राग आला. सगळं कबूल केलं तरी हिला पुरत नाही. ओळ तशीच ठेवून लेख रणजीतला पाठवून दिला.

३० नोव्हेंबर, रविवार

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये अभिनंदन केलं. कशाबद्दल? तर चारू एक तारखेपासून मुख्याध्यापिका होतेय. मी लिफ्टमधून वर येऊन तिला म्हटलं, “तू मला सांगितलं नाहीस!”

ती म्हणाली, “तीनदा सांगितलं.”

लक्षात राहिलं नसेल. हा महिनाच असा गडबडीचा गेला. पेढे आणले. तिने एक खाल्ला आणि डबा शाळेत न्यायला बाजूला ठेवला.

६ डिसेंबर, शनिवार

कॅसेट अजून दिलेली नाही. या आठवड्यात ऑडिट होतं. कुरियरने पाठवता येईल, पण हरवली तर? पुस्तक छापून आल्यावर सोबतच न्यावी हे बरं. पुस्तक हातात पडलं की बाकीचं आपोआप कळेल तिला.

कॅसेट गाडीच्या कप्प्यात आहे. ब्रेक मारला की खडखडते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कालचा कार्यक्रम.

नाट्यगृह भरलं होतं. पन्नाशीचे लोक, बरोबर कॉलेजातली मुलं. लेथचे जुने दोघं आणि दोन नवे. स्नेहलची खुर्ची पहिल्या रांगेत राखून ठेवली होती, नावाची चिठ्ठी लावून. ती आली नाही. मी सारखा दाराकडे बघत होतो.

रणजीतचा आवाज वर जात नाही आता. पण ‘गुरुवार’च्या आधी तो माइकपाशी थांबला. “ह्ये गाणं माझं न्हाई,” तो म्हणाला. “स्नेहलचं हाय. तिच्या वडलांवरचं. आजपातुर मी बोललो न्हाई, माझं चुकलं. मी निस्ता गायलो.”

मला वाटलं, आता काहीतरी होईल. सभागृह थांबेल. थोड्या टाळ्या वाजल्या. पुष्कळांचे मोबाइल आधीच वर होते. शेजारच्या माणसाने मला विचारलं, “कोण स्नेहल?” मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि तो सगळ्यांबरोबर मोठ्याने गायला लागला. त्याला शब्द न् शब्द पाठ होता.

पुस्तक बाहेर टेबलावर होतं. माझा लेख पान नऊवर. ‘राहून गेला’ ठळक दिसत होतं, की मलाच दिसत होतं? तीन-चार ओळखीचे म्हणाले, छान, धाडसी लिहिलंय. मी ‘रिजेक्शन’ला धाडसी म्हटलं होतं ते आठवलं.

रणजीत विंगेत खुर्चीवर बसला होता. घामाघूम, पण चेहरा हलका. “आली न्हाई ना?” म्हणाला. “मी सकाळी फोन केला हुता. म्हणली, अवधूतकडं माझी एक वस्तू हाय, ती आधी यायची हाय.”

१८ डिसेंबर, गुरुवार

रजा घेतली. कारणाच्या जागी ‘खासगी काम’ लिहिलं. तळवड्याची गल्ली आज शांत होती, सगळ्या शटरांना कुलपं. त्या भागात अजून गुरुवारच पाळतात. एकट्या तिचं शटर अर्धं वर होतं. ती आत झाडत होती.

मी कॅसेट टेबलावर ठेवली. पुस्तकही आणलं होतं, ते पिशवीतच राहू दिलं. का कोण जाणे.

तिने कपाटातून वडिलांचा टेप काढला. पट्टा नवा घातलेला होता. म्हणजे ती गेले चोवीस दिवस तयार होती. तिने कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि आम्ही दोघं तारेच्या दोन वेटोळ्यांवर समोरासमोर बसलो.

माझा आवाज आला. मग रणजीतचा खोकला. मग ती, चोवीस वर्षांची, उत्साहात. “...ते माझ्या बाबांचं आहे. म्हणजे आई एकदा म्हणाली होती की...”

“स्नेहल, थांब गं. आधी रणजीतला बोलू दे.”

रिकाम्या वर्कशॉपमध्ये ते फार मोठ्याने वाजलं. तिने टेप थांबवला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. कुकरची शिट्टी अख्खी वाजली. मग काका पोह्यांचं बोलले, बटणाचं बोलले. मग माझं ते ‘एक मिनिट हां’. आता तिने बटण दाबून थांबवलं.

मी म्हटलं, “हे मी कापलं होतं. लेखात मी लिहिलंय, राहून गेलं म्हणून. राहून नव्हतं गेलं. मी तुला गप्प केलं. तू मला सिनेमाला नाही म्हणाली होतीस, त्यानंतर दोन आठवड्यांनी. काकांनाही गप्प केलं मी. चुकलं माझं.”

“हो,” ती म्हणाली.

पुढे काही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती टेपकडे बघत होती.

“यानंतर किती आहे?” तिने विचारलं.

“पाऊण तास. पण तुझा आवाज नाही त्यात.”

“बाबांचा?”

“मधेमधे आहे, लांबून. ते स्वयंपाकघरात आईशी बोलत होते बहुतेक. मी नीट ऐकलं नाही. मी रणजीतचंच ऐकत होतो.”

तिने मान हलवली. मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तू जा आता. पुढचं मला एकटीला ऐकायचंय.”

मी उठलो. वाकून शटरखालून बाहेर आलो. गल्लीत ऊन होतं, एक कुत्रं झोपलं होतं. मागून बटण दाबल्याचा आवाज आला, आणि मग लांबून, भांड्यांच्या आवाजाआडून काकांचा आवाज. शब्द कळत नव्हते. शटरजवळ दोन पावलं मागे गेलो असतो तर कळले असते.

गाडीत बसलो, काचा वर केल्या, आणि निघालो.